ब्रिटिश मापांतून मेट्रिककडे: आधी माप ओळखा, मग गुणा

इंचाला २५.४ ने गुणलं की मिलिमीटर, पौंडाला ०.४५३६ ने गुणलं की किलो, मैलाला १.६०९ ने गुणलं की किलोमीटर. एवढं गणित फोनही करून देतो. तरीही ब्रिटिश मापांचे हिशेब चुकतात, आणि बहुतेक वेळा गुणाकार बरोबरच असतो. गॅलन ब्रिटिश की अमेरिकन हे पाहिलेलं नसतं, ‘५ फूट १० इंच’ हे ५.१० फूट म्हणून टाकलेलं असतं, किंवा जे मुळात माप नव्हतंच, नुसतं नाव होतं, त्याचे मिलिमीटर काढलेले असतात. जुनी ब्रिटिश यंत्रं, नकाशे, बिलं, पाककृती हाताळणाऱ्यांनी आणि ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्यांनी पुढच्या क्रमाने गेलं तर या चुका टळतात.

पायरी १: कागद कुठला आणि केव्हाचा ते पाहा

‘इम्पीरियल’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत ब्रिटनमध्ये १८२४ च्या कायद्याने ठरली आणि १ जानेवारी १८२६ पासून लागू झाली. त्याआधी एकाच देशात वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा, बिअरचा २८२ घन इंचांचा आणि धान्याचा आणखी तिसराच होता. नव्या कायद्याने हे सगळे मोडून एकच गॅलन केला: ६२ अंश फॅरनहाइटला १० पौंड शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा. अमेरिका तोवर स्वतंत्र झाली होती. तिने वाइनचा जुना गॅलन तसाच ठेवला. म्हणून आज ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर आणि अमेरिकन ३.७८५ लिटर. फरक वीस टक्क्यांचा आहे, आणि कागदावर दोन्हीकडे नुसतं ‘गॅलन’ लिहिलेलं असतं.

अमेरिकन आणि ब्रिटिश मापांत काय सारखं आणि काय वेगळं, एवढं पाठ असलेलं बरं. इंच, फूट, यार्ड, मैल, एकर, पौंड आणि वजनाचा औंस व्यवहारापुरते सारखेच. गॅलन, पिंट, द्रव औंस, हंड्रेडवेट आणि टन वेगळे. ब्रिटिश पिंटमध्ये २० द्रव औंस (५६८ मिलिलिटर), अमेरिकन पिंटमध्ये १६ (४७३ मिलिलिटर). गंमत म्हणजे एकेक द्रव औंस मात्र अमेरिकेचाच किंचित मोठा: २९.६ मिलिलिटर, ब्रिटिश २८.४.

१९५९ मध्ये इंग्रजी मापं वापरणाऱ्या प्रमुख देशांनी यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर आणि पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो असं ठरवून घेतलं. २५.४ हा आकडा तिथून ‘नेमका’ झाला. त्याआधीचा ब्रिटिश इंच यापेक्षा अगदी सूक्ष्म लहान होता, पण किलोमीटरमागे सुमारे दोन मिलिमीटरचाच फरक पडतो. भूमापनाची जुनी निरीक्षणं नव्याने जुळवणाऱ्यांखेरीज कुणी त्याची चिंता करू नये. (प्रमाण मापांचं नशीबही पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेची इमारत जळाली तेव्हा तिथे जपून ठेवलेले प्रमाण यार्ड आणि प्रमाण पौंड निकामी झाले. आग लागली ती सरकारी हिशेबाच्या जुन्या लाकडी कांड्या भट्टीत जाळताना.)

कागद स्कॉटलंडचा किंवा आयर्लंडचा आणि १८२६ च्या आधीचा असेल तर एकरावरही विश्वास ठेवू नका. जमीन मोजायचा पर्च (लांबीचं जुनं माप) आयर्लंडमध्ये ७ यार्डांचा, इंग्लंडमध्ये साडेपाच यार्डांचा. त्यामुळे आयरिश एकर इंग्लिश एकराच्या सुमारे १.६२ पट भरतो. ही जुनी मापं नव्या कायद्यानंतरही गावोगाव पुष्कळ वर्षं चालू राहिली.

अलीकडच्या कागदासाठी या तारखा उपयोगी पडतात. मेट्रिककडे जायचं असं सरकारने २४ मे १९६५ रोजी संसदेत सांगितलं. दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं. बांधकामाचे नकाशे १९७० च्या आसपास मिलिमीटरमध्ये येऊ लागले. बांधून विकल्या जाणाऱ्या मालाला १ ऑक्टोबर १९९५ पासून आणि सुट्या मालाला १ जानेवारी २००० पासून मेट्रिक सक्तीचं झालं. हे काम पुरं करण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेलं मेट्रिकेशन बोर्ड १९८० मध्येच बंद झालं, आणि रस्त्यावरच्या पाट्या बदलायचं जे लांबणीवर पडलं ते कायमचंच. आज ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या खिचडीचं मूळ या अर्धवटपणात आहे.

पायरी २: सगळं एकाच एककात आणा

दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाचा हात इथेच घसरतो. ब्रिटिश मापांत दर पायरीचा गुणक वेगळा आहे. लांबीत १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, २२ यार्डांची साखळी, १० साखळ्यांचा फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल. वजनात १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन, २ स्टोनांचा क्वार्टर, ४ क्वार्टरांचा हंड्रेडवेट, २० हंड्रेडवेटांचा टन. द्रवात ५ द्रव औंसांचा गिल, ४ गिलांचा पिंट, २ पिंटांचा क्वार्ट, ४ क्वार्टांचा गॅलन.

म्हणून संमिश्र माप कधीही थेट दशांशात लिहायचं नाही. आधी ते सगळ्यात लहान एककात मोडायचं, मग एकदाच गुणायचं.

उंची ५ फूट १० इंच. बारा पाचे साठ, अधिक दहा, झाले ७० इंच, गुणिले २.५४, उत्तर १७७.८ सेंटिमीटर. हेच कुणी ५.१० फूट समजून ३०.४८ ने गुणलं तर उत्तर येतं १५५.४. माणूस बावीस सेंटिमीटरने खुजा झाला!

जुन्या ओतशाळेच्या बिलात वजन ‘३–७–२–१५’ असं चार रकान्यांत दिसेल. याचा अर्थ ३ टन, ७ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १५ पौंड. मोडणी अशी: ३ × २२४० = ६७२०; ७ × ११२ = ७८४; २ × २८ = ५६; वर १५. एकूण ७५७५ पौंड. गुणिले ०.४५३५९२३७, म्हणजे ३४३६ किलो. रकान्यांवर मथळे नसतील तर आकड्यांच्या कमाल मर्यादेवरून रकाना ओळखता येतो: पौंडांच्या रकान्यात २७ च्या वर, क्वार्टरांच्या रकान्यात ३ च्या वर आणि हंड्रेडवेटांच्या रकान्यात १९ च्या वर आकडा जात नाही. एखादा गेलाच तर रकाने ओळखण्यात तुमची चूक आहे किंवा लिहिणाऱ्याची.

खुणांचंही सांगून ठेवतो. आकड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे फूट, दोन रेघा म्हणजे इंच. पैशांच्या संदर्भात ‘७/६’ दिसलं तर तो अपूर्णांक नाही. ते ७ शिलिंग ६ पेन्स आहेत. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे ७/६ हे आजचे साडेसदतीस पेन्स.

पायरी ३: कोणता औंस, कोणता टन, कोणता क्वार्टर

एकाच नावाची दोन-दोन मापं ही या पद्धतीची खोड आहे.

औंस तीन आहेत. किराण्याचा औंस २८.३५ ग्रॅम. सोन्याचांदीचा ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅम. तिसरा द्रव औंस, तो वजनाचा नाहीच, आकारमानाचा आहे. ट्रॉय औंस किराण्याच्या औंसापेक्षा जड, पण ट्रॉय पौंडात औंस बाराच. त्यामुळे ट्रॉय पौंड ३७३ ग्रॅमचा, किराण्याच्या ४५४ ग्रॅमच्या पौंडापेक्षा हलका. ट्रॉय पौंड एकोणिसाव्या शतकातच कायद्यातून गेला. ट्रॉय औंस मात्र आजही सोन्याच्या जागतिक भावात आहे. दोन्ही पद्धतींत समान असलेलं एकच माप म्हणजे ग्रेन, ६४.८ मिलिग्रॅमचा.

आपला तोळा याच ग्रेनवर बांधलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे ट्रॉय औंसाचे बरोबर तीन अष्टमांश. हल्ली सराफ बोलण्यात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. घरातल्या जुन्या यादीत ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’ असं असेल आणि यादी मेट्रिकच्या आधीची असेल, तर वजन ५८.३ ग्रॅम धरा. ५० धरलंत तर आठ ग्रॅम सोनं कागदावरच हरवलं.

टन तीन आहेत: ब्रिटिश २२४० पौंडांचा (१०१६ किलो), अमेरिकन २००० पौंडांचा (९०७ किलो) आणि मेट्रिक १००० किलोचा. ब्रिटिश आणि मेट्रिक टनांत दीड टक्क्याचाच फरक आहे, म्हणून क्रेनच्या किंवा पुलाच्या जुन्या पाटीवरचा टन लोक सरळ मेट्रिक धरतात. अंदाजाला चालतं, हिशेबाला नाही. एसीचा ‘टन’ हा वजनाचा टनच नाही. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळवायला लागेल तेवढ्या उष्णतेचा तो दर आहे, ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक).

क्वार्टर म्हणजे वजनात २८ पौंड. धान्याच्या जुन्या व्यापारात तोच शब्द ८ बुशेलसाठी (बुशेल हे धान्याचं जुनं माप), म्हणजे सुमारे २९१ लिटर आकारमानासाठी. आणि मिठाईच्या दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने ‘अ क्वार्टर’ मागितलं तर त्याला पाव पौंड, ११३ ग्रॅम गोळ्या हव्या असतात; दुकानदार हल्ली १०० ग्रॅम देऊन मोकळा होतो.

पायरी ४: गुणा, आणि मुळात होता तेवढाच बारकावा ठेवा

गुणक थोडेच लागतात. इंच ते मिलिमीटर २५.४, फूट ते मीटर ०.३०४८, मैल ते किलोमीटर १.६०९३४४, पौंड ते किलो ०.४५३५९२३७, ब्रिटिश गॅलन ते लिटर ४.५४६०९. हे पाचही नेमके आहेत. चौरस मीटर ते चौरस फूट १०.७६४; एकर ते हेक्टर ०.४०४७. दाबासाठी १ बार म्हणजे १४.५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणजे टायरमधले ३२ पीएसआय हे २.२ बार.

तापमानात एक वेगळी मेख आहे. थर्मामीटरवरचा आकडा बदलायचा तर आधी ३२ वजा, मग पाच नवमांश. पण ‘तापमान ९ अंश फॅरनहाइटने वाढलं’ असं असेल तर ३२ वजा करायचे नाहीत. वाढ सरळ ५ अंश सेल्सिअस.

गोल करण्यात दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, खोटा बारकावा. जुन्या बागकामाच्या सल्ल्यात ‘बी २ इंच खोल पेरा’ असेल तर उत्तर ५ सेंटिमीटर आहे, ५.०८ नाही. उलट यंत्राच्या रेखाटनात २.००० इंच असेल तर ते ५०.८० मिलिमीटरच, तिथे तीन शून्यं मुद्दाम लिहिली आहेत. ब्रिटिश कारागीर इंचाच्या हजारांश भागाला ‘थाउ’ म्हणतो. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

दुसरी चूक दिशेची. मर्यादा असेल तर नेहमी सुरक्षित बाजूला गोल करायचं. पुलाखालची उंची १४ फूट ६ इंच म्हणजे १७४ इंच, खाली गोल करून ४.४१ मीटर. हे कुणी १४.६ फूट म्हणून यंत्रात भरलं तर ४.४५ मीटर दिसतं, आणि ४.४४ मीटर उंचीचा ट्रक त्या आकड्यानुसार ‘जातो’. पुलाची उंची खाली गोल करा, वाहनाची वर.

जिथे रूपांतर करायचंच नसतं

पाइप, आटे आणि पत्र्याचा गेज यांत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण तिथे दिलेला इंच हे बहुधा नुसतं नाव असतं.

नळाचा ‘अर्धा इंच’ आटा घ्या. ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, म्हणजे बीएसपी, हे आटे ब्रिटनइतकेच आपल्याकडेही घराघरांत आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, पण कॅलिपर लावला तर बाहेरचा व्यास २०.९५ मिलिमीटर येतो. पाऊण इंचाचा २६.४४, एक इंचाचा ३३.२५. नाव पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलं आणि पुढे पाइपची भिंत पातळ झाली तरी आटे तेच राहिले. तेव्हा व्यास मोजून ‘२१ मिलिमीटरचा नळ द्या’ म्हणू नका, नाव सांगा. अमेरिकन बनावटीच्या पाइपचे एनपीटी आटे दिसायला तसेच असतात, अर्ध्या आणि पाऊण इंचाला तर दोन्हींत इंचाला १४ आटे. पण ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन ६०. एक दुसऱ्यात दोन-चार फेरे जातो, मग अडतो, आणि कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी गळतो.

बोल्टांचं तसंच. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेले ५५ अंशांचे आटे जुन्या ब्रिटिश लेथवर, मोटारसायकलींवर अजून सापडतात. पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची अमेरिकन यूएनसी, दोन्हींत इंचाला २० आटे. नट बसल्यासारखा वाटतो, पण आट्यांची धार धारेवर टेकते आणि ताण आला की आटे जातात. अर्ध्या इंचाला फरक लगेच कळतो, कारण व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३. आटे मोजायची पट्टी वापरल्याशिवाय जुना बोल्ट बदलू नका.

व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा चढतो तो नटाचे कोपरे खाऊनच उतरतो. व्हिटवर्थ पाने वेगळे विकत घ्यावे लागतात, पर्याय नाही.

पत्रा आणि तार यांच्या गेजला तर कुठल्याच गुणकाने गुणता येत नाही. ब्रिटनचा स्टँडर्ड वायर गेज १८८४ पासून अधिकृत आहे आणि आपल्या वर्कशॉपमध्ये ‘अठरा गेज’ म्हणतात तो बहुधा हाच. आकडा वाढतो तशी जाडी घटते: १० गेज ३.२५ मिलिमीटर, १८ गेज १.२२, २२ गेज ०.७१. अमेरिकन तारेचा १८ गेज मात्र १.०२ मिलिमीटर. मागणीपत्रावर गेज आणि मिलिमीटर दोन्ही लिहिणं हा एकच बंदोबस्त आहे.

ब्रिटनमधल्या घरांत तांब्याचा पाइपही असाच फसवतो. जुना अर्धा इंची पाइप आतल्या व्यासाने ओळखला जाई, आजचा १५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाने; दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा असल्याने कॉम्प्रेशन जोड (नट आवळून बसवायचा) चालून जातो. पाऊण इंची पाइप मात्र २२ मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक असतो. त्याला वेगळं ऑलिव्ह (जोडात आवळली जाणारी धातूची कडी) किंवा जोडतुकडा लागतो. डाख देऊन जोडायचा तर जोडतुकडाच. कोणता पाइप आहे हे भिंत फोडायच्या आधी कॅलिपरने बघा.

जुन्या ब्रिटिश घरात नवं सामान

१९७० च्या आधीच्या घरात छताचे किंवा जमिनीचे वासे १६ इंचांवर, म्हणजे ४०६.४ मिलिमीटरवर असतात. आजचा प्लास्टरबोर्ड २४०० × १२०० मिलिमीटरचा आणि तो ४०० मिलिमीटर अंतर धरून बनवलेला. फरक ६.४ मिलिमीटरचा, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. आता मोजा. पहिल्या वाशाच्या मध्यापासून बोर्ड लावला तर सातव्या वाशाचा मध्य २४३८.४ वर आहे आणि बोर्ड २४०० वर संपला. ३८.४ मिलिमीटर कमी. वासा २ इंच जाड, मध्यापासून कडेपर्यंत सुमारे २५ मिलिमीटर. म्हणजे बोर्डाची कड वाशापासून १३ मिलिमीटर अलीकडेच हवेत राहिली, आणि खिळा मारायला खाली काही नाही. उपाय दोन: बोर्डाची कड आधीच्या वाशावर येईल असा तो कापा (थोडा माल वाया जातो), किंवा सातव्या वाशाच्या बाजूला पट्टी ठोकून आधार रुंद करा. आठ बाय चार फुटी प्लायवुड अजून १२२० × २४४० मिळतं. जुन्या वाशांवर तेच घेतलं तर कटकटच नाही.

विटांतही सांधा जुळत नाही. आजची ब्रिटिश वीट २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटरची, १० मिलिमीटर चुन्या-सिमेंटच्या सांध्यासह चार थरांना ३०० मिलिमीटर. जुन्या विटा बहुधा याहून उंच असतात. जुन्या भिंतीला जोडून नवी भिंत चढवताना दर थराला तफावत साचत जाते. विटा विकत घ्यायच्या आधी जुन्या भिंतीचे चार थर मोजा. ३०० पेक्षा ठळक जास्त भरले तर इम्पीरियल आकाराच्या विटा मागा, त्या अजून बनतात.

लाकूड मीटरने विकलं जातं पण लांबी ३०० मिलिमीटरच्या पटीत: १.८, २.१, २.४ मीटर. वखारीत याला ‘मेट्रिक फूट’ म्हणतात. खरा फूट ३०४.८, त्यामुळे १६ ‘फुटी’ ओंडका ४.८ मीटरचा मिळतो, ४.८८ चा नाही. ७७ मिलिमीटर कमी पडले की मग सुतार वखारवाल्याला शिव्या घालतो.

जमीन: गुंठा जाणणाऱ्याला सोपं काम

इंग्लंडच्या जुन्या जमीननोंदींत, विशेषतः १८३६ च्या कायद्यानंतर झालेल्या धर्मकराच्या नकाशांत, क्षेत्र तीन रकान्यांत असतं: एकर, रूड, पर्च. ४ रूडांचा एकर, ४० पर्चांचा रूड. आजच्या इंग्रज वाचकाला हे डोक्याला ताप वाटतं. मराठी शेतकऱ्याच्या हातात मात्र याची किल्ली आधीपासून आहे.

एडमंड गुंटरने १६२० मध्ये ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी आणली. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची आहे ती याच साखळीएवढी. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीत हिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. ३३ × ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. इंग्लिश पर्चची बाजू साडेसोळा फूट, म्हणजे ३३ च्या निम्मी. म्हणून पर्च म्हणजे पाव गुंठा (चार आणे), आणि रूड म्हणजे दहा गुंठे.

तेव्हा ‘१२–२–१८’ हे वाचायचं असं: १२ एकर, वर वीस गुंठे, वर अठरा पाव म्हणजे साडेचार गुंठे. १२ एकर साडेचोवीस गुंठे. दशांशात १२.६१२५ एकर, गुणिले ०.४०४७, म्हणजे ५.१० हेक्टर. इथेही रकाना ओळखायला मर्यादा आहेच: रूड ३ च्या वर नाही, पर्च ३९ च्या वर नाही.

सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, आणि ‘एक गुंठा म्हणजे एक आर’ असं सर्रास धरलं जातं. नेमका गुंठा १०१.१७ चौरस मीटर आणि आर १०० चौरस मीटर. एका गुंठ्याला फरक सव्वा चौरस मीटरहून कमी, पण एकराला जवळजवळ अर्धा गुंठा होतो. खरेदीखतात हा अर्धा गुंठा कुणाच्या बाजूने गेला ते पाहून घ्यावं.

नकाशावरून क्षेत्र काढायचं असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५०० चा जुना नकाशा फार सोयीचा. त्यावर एक चौरस इंच म्हणजे ०.९९६ एकर, व्यवहारात एक एकरच. ‘एका इंचाला एक मैल’ हा नकाशा म्हणजे १:६३,३६०, कारण मैलात तेवढे इंच. १९७० च्या दशकात त्याची जागा १:५०,००० ने घेतली. स्कॅन किंवा झेरॉक्स असेल तर छापील प्रमाण विसरा. प्रत काढताना नकाशा लहान-मोठा होतो. कागदावर छापलेली मोजपट्टी मोजून प्रमाण नव्याने काढा.

स्वयंपाकघर

ब्रिटिश पाककृतीत ‘गॅस मार्क’ दिसला तर सूत्र सोपं आहे: आकड्याला २५ ने गुणा, २५० मिळवा, फॅरनहाइट आलं. मार्क ४ म्हणजे ३५० फॅरनहाइट, १८० सेल्सिअस. मार्क ६ म्हणजे ४००, म्हणजे २०० सेल्सिअस. पंखा असलेल्या ओव्हनला यातून २० अंश सेल्सिअस कमी करा.

औंसाला काही पुस्तकं २५ ग्रॅम धरतात, काही ३०. खरा २८.३५. केकमध्ये प्रमाण सांभाळायचं असतं, म्हणून कोणताही एक धरा पण सगळ्या जिन्नसांना तोच. पीठ २५ च्या हिशेबाने आणि दूध पिंटाला ६०० मिलिलिटरच्या हिशेबाने घेतलं तर पीठ बारा टक्के कमी आणि दूध साडेपाच टक्के जास्त, केक बसणारच. ‘कप’ लिहिलेला असेल तर पाककृती बहुधा अमेरिकन आहे. मग त्यातला पिंटही ४७३ चा धरा.

ब्रिटनमध्ये रोजच्या व्यवहारात

दुधाच्या प्लास्टिक बाटलीवर २.२७२ लिटर हा विचित्र आकडा म्हणजे ४ पिंट. मुरंब्याच्या बरणीवर ४५४ ग्रॅम म्हणजे १ पौंड. भाजी किलोने, शेजारी पौंडाचा भाव लिहायला हरकत नाही, पण तो किलोच्या भावापेक्षा ठळक नको. २००० नंतर संडरलंडच्या बाजारात नुसत्या पौंडाच्या काट्यावर केळी विकणाऱ्याचा खटला देशभर गाजला आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयातही तो हरला. पबमध्ये नळाची बिअर पिंटमध्येच, पण त्याच टेबलावर व्हिस्की २५ किंवा ३५ मिलिलिटर.

रस्त्यावर मैल आणि यार्ड. ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, ७० म्हणजे ११३. पेट्रोल लिटरने विकतात आणि गाडीचं ॲव्हरेज गॅलनला मैल असं सांगतात, म्हणजे गिऱ्हाइकाने हिशेब करूच नये अशी व्यवस्था. ०.३५४ ने गुणा: ४० मैल म्हणजे लिटरला १४.२ किलोमीटर. तेच ४० अमेरिकन संकेतस्थळावर असतील तर १७. रेल्वेच्या पुलांवर अजून मैल आणि साखळ्या लिहिलेल्या असतात.

माणसाचं वजन लोक स्टोनमध्ये सांगतात. ११ स्टोन ६ पौंड: १५४ अधिक ६, १६० पौंड, ७२.६ किलो. नव्या बाळाचं वजन आजी-आजोबांना पौंड-औंसात सांगायची पद्धत आहे; ७ पौंड ४ औंस म्हणजे ११६ औंस, ३.२९ किलो. डॉक्टरांच्या कागदावर मात्र किलोच. मुलांच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते, आणि घरातल्या वजनकाट्याला मागे किलो–पौंड–स्टोन असं बटण असतं. ते पौंडावर राहिलं आणि आकडा किलो म्हणून सांगितला गेला तर मात्रा २.२ पट होते. डॉक्टरांना वजन सांगण्याआधी काट्याच्या पडद्यावर आकड्याशेजारी कोणतं एकक दिसतंय ते वाचा.